उसनं मत

सोमवार, ३ जून

पंतप्रधान मॉर्टिमर आजही राजीनामा देत नाहीत. शी. युरोपातून बाहेर पडा असा कौल देशाने देऊन तीन वर्षं झाली आणि आमचा सत्ताधारी पक्ष अजून उंबरठ्यावर एकमेकांच्या पायावर पाय देत उभा आहे. अर्धे म्हणतात आत्ता निघा, अर्धे म्हणतात निघूच नका. आज दाढी करताना मला स्वच्छ दिसलं की यातून देशाला वाचवणारा माणूस आरशातच आहे. मत्स्यखात्याचा राज्यमंत्री म्हणजे काही लहान पद नव्हे.

आजपासून संकल्प. कोणाच्या पाठीमागे बोलायचं नाही. संसदेच्या टी-रूममधला केकही बंद.

मंगळवार, ४ जून

पंतप्रधानांवर अविश्वासाचं पत्र देऊन आलो. कोणी बघू नये म्हणून मागच्या जिन्याने गेलो, तर तिथे आणखी चार खासदार. सगळे छताची नक्षी बघत उभे. किळस आली. उघडपणे विरोध करायची कोणात हिंमत म्हणून नाही.

संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की पंतप्रधानांवर माझा पूर्ण विश्वास आहे. बायको, हिलरी, म्हणाली, टाय बरा होता. केक एकच तुकडा, तोही लिंबाचा.

गुरुवार, ६ जून

मॉर्टिमर राजीनामा देऊन गेले. दारात डोळे पुसले म्हणे. मलाही भरून आलं, म्हणून लगेच डेस्मंडला फोन केला. डेस्मंड पाइल हा संसदेत माझ्या शेजारच्या बाकावर बसतो. म्हणाला, राजा, तू नुसता उभा राहा, मी तुझ्यासाठी विहिरीत उडी मारीन. अशी माणसं आता राहिली नाहीत. त्याला प्रचारप्रमुख केला.

हिलरी भांडी लावत होती. तिला सांगितलं, मी पक्षनेता होणार, म्हणजे पंतप्रधान. तिने विचारलं, आपण नक्की कुठल्या बाजूचे? मी म्हटलं, मी दोन्ही बाजूंना जोडणारा पूल आहे. ती म्हणाली, पुलाला कोणी मत देत नाही रे, तुडवून पलीकडे जातात. बायकोकडून प्रोत्साहन मिळावं असं म्हणतात. असो.

शनिवार, ८ जून

मतदारसंघात. बंदरावर ट्रॉलरवाल्यांना शब्द दिला: मी आलो की दुसऱ्या दिवशी युरोपातून बाहेर, समुद्र आपला, मासा आपला. टाळ्याच टाळ्या. कोटाला वास.

आमच्या शाखेच्या अध्यक्षा ऑलिव्हबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, काय रे बाळा, बुधवारी लंडनच्या बँकवाल्यांना तू घाई नको म्हणालास ना? पेपरात आलंय की. पत्रकार या जातीची मला शिसारी आहे. खाजगीत बोललेलं छापतात म्हणजे काय?

सोमवार, १० जून

दिवसभर टी-रूममध्ये मतं मागितली. चाळिसाच्या वर खासदारांनी हात दाबून शब्द दिला. काहींचे तळवे असे ओले की दर वेळी जाऊन साबणाने हात धुवावे लागले. एकाने तर मला शब्द दिला, चहा ओतून घेतला आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन जाइल्स कार्बरीला तोच शब्द दिला. तीच वाक्यं, तोच उसासा. डेस्मंड म्हणाला, तो कार्बरीला बनवतोय, राजा. मलाही तसंच वाटलं होतं.

कार्बरी म्हणजे आमच्या 'युरोपशी करार गेला खड्ड्यात, आधी बाहेर पडा' गटाचा पुढारी. सगळ्यात पुढे आहे. घोड्यासारखे दात.

सगळ्यात मागे पेन्शन खात्याच्या म्युरिएल स्टॉट. कोमट बाई. दुपारी टी-रूममध्येच घरून आणलेलं अंड्याचं सँडविच उघडते, सगळ्या खोलीला वास. ती चक्क माझ्याकडे आली! म्हणाली, क्लाइव्ह, तुम्ही स्वतः उभे आहात, विचारू नये, पण पहिल्या फेरीत सोळा मतं नसली की नाव कटतं, आणि माझं एक कमी पडतंय. मी तिचा हात दाबून शब्द दिला. द्यायला काय जातं?

बुधवार, १२ जून

आज डोक्यात वीज चमकली.

खासदारांच्या फेऱ्यांतून शेवटी दोघंच उरतात आणि त्या दोघांतून देशभरचे पक्षसदस्य नेता निवडतात. समोर कार्बरी आला तर कठीण, सदस्यांना तसलेच दात आवडतात. पण समोर म्युरिएल आली तर मी झोपेतसुद्धा जिंकेन. म्हणजे म्युरिएलला उद्या जगवायला हवं. आमच्यात ही जुनी रीत आहे. आपल्याकडे जास्तीची मतं असली की एखादं दुबळ्याला उसनं द्यायचं.

पण पाठवावं कोणाला? या माणसांत भरवशाचा कोण? शेवटी एकच नाव सुचलं. माझं.

हिलरी म्हणाली, बाकीचे काय करतील देव जाणे, तू निदान स्वतःचं मत स्वतःला दे. राजकारण हा तिचा प्रांत नाही.

गुरुवार, १३ जून, सकाळी

फोन बाहेर ठेवून घेतात. काळी पत्र्याची पेटी. चिठ्ठीवर म्युरिएलच्या नावापुढे फुली मारली. विजयाचं भाषण खिशात आहे. 'मी पूल आहे' अशी सुरुवात.

दुपारी

कार्बरी पहिला. म्युरिएल स्टॉट, सोळा.

मी, पंधरा.

शी. शी. शी.

संध्याकाळी

चाळीस हात दाबले होते. भरवशाच्या म्हशीला टोणगा! साबण फुकट गेला. डेस्मंड कार्बरीची छत्री धरून चालताना दिसला. जाब विचारला, तर म्हणाला, तुझी तर चाळीस होती, राजा, माझं वाया कशाला घालवू? म्हणून कार्बरीला दिलं. उसनं.

हिलरीने एवढंच विचारलं, हे पंधरा तुझं धरून ना? मी म्हटलं, अर्थात. केक, तीन तुकडे.

मंगळवार, २३ जुलै

म्युरिएल पंतप्रधान. कार्बरीने दर सभेत बाहेर पडायची नवी तारीख दिली, शेवटी त्याच्याच लोकांनी त्याला धरून खाल्ला. म्युरिएल कोणालाच आवडत नाही, त्यामुळे कोणाला नकोशीही झाली नाही.

विजयाच्या भाषणात म्हणाली, पहिल्या फेरीत एका मताने वाचले. ते कोणी दिलं ठाऊक नाही, पण तो निःस्वार्थी माणूस भेटला तर त्याला हवं ते खातं देईन.

मी खुर्चीतच ताठ झालो. हे सगळं मला आधीपासून दिसत होतं. संकल्प: अर्थखात्यापेक्षा खालचं काही घ्यायचं नाही.

गुरुवार, २५ जुलै

भेटायला गेलो. दारातून डेस्मंड बाहेर पडत होता. मला डोळा मारला. मत्स्यखातं आता त्याच्याकडे. मासा आणि माशी यातला फरक कळत नाही त्याला. ओकारी आली.

म्युरिएल टेबलाशी अंड्याचं सँडविच खात होती. मी दार लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाला काही न सजवता सांगितलं: ते मत माझं होतं, मी स्वतःला दिलं नाही, तुम्हाला दिलं. तिने तोंड पुसलं. म्हणाली, बसा क्लाइव्ह, तुम्ही सातवे. पण त्या सहांनी निदान पटेल असं तरी सांगितलं हो. स्वतःच्याच एका मताने पडेल इतका खुळा माणूस या पक्षातसुद्धा सापडायचा नाही.

घरी येऊन हिलरीला सगळं सांगितलं. तिचा लगेच विश्वास बसला.