मालतीच्या वाटचं बोलणं

६ जानेवारी, सोमवार

मालतीच्या घशातली गाठ साधी नाही. इंदूरच्या डॉक्टरांनी फोटोवर पेनाने गोल काढून दाखवला — स्वरयंत्र काढावंच लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशन २८ला.

बुऱ्हानपूरला परत येताना मालती बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं रडते आहे. बघतो तर ओठ हलताहेत! घसा बसलाय, तरी गप्पा चालूच. कोणाशी ते विचारायला नको. बत्तीस वर्षं बघतोय. कणीक मळताना, कपडे वाळत घालताना, बुधवाऱ्याच्या बाजारात भाजीवाल्याशी भांडून आल्यावर — "बघितलं ना प्रभू, वांगी कशी किडकी दिली त्याने?" घरात तिसरं माणूस राहतं असं समजूनच वागते.

८ जानेवारी

आज म्हणाली, "अहो, एक काम सांगू? ऑपरेशननंतर माझ्या वाटचं बोलणं तुम्ही करायचं."

"कोणाशी?"

"कोणाशी काय! त्याच्याशी. मला मनातल्या मनात नाही जमत. मोठ्याने बोलायची सवय आहे. घर मुकं नको राहायला."

हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं? आमच्या चर्चमध्ये सगळ्यांत लांब प्रार्थना माझी. नवं घर असो, साखरपुडा असो, कोणाचा वाढदिवस असो — "बड़े बाबू, प्रार्थना आप ही कीजिए." रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी ऑफिसातलं नाव चिकटलंय ते चिकटलंयच.

९ जानेवारी

सकाळी तिला शेजारी बसवून प्रार्थना केली. "हे परमपवित्र, सर्वसमर्थ, कृपाळू पित्या" इथून सुरुवात. सात मिनिटं. आमेन म्हणून डोळे उघडले तर ही तोंडाला पदर लावून हसते आहे!

"हे बोलणं आहे का? तुम्ही तर अर्ज दिला!"

इतका संताप आला! चहा न पिता उठलो.

११ जानेवारी

राग जात नाही. कारण बाई खरं बोलली.

चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. आमच्याकडे सरकारी हिंदीत अर्जाला प्रार्थना-पत्रच म्हणतात. रोजची साठ-सत्तर प्रार्थना-पत्रं या हातांखालून गेली. सेवा में, श्रीमान... सविनय निवेदन है कि... खाली उजव्या कोपऱ्यात — प्रार्थी. मी देवाला तेच देतो, फक्त मराठीत. आधी पदव्या, मग विषय, मग विनंती, शेवटी सही. रिटायर झाल्यावर पहिल्याच रविवारी मी आमेनच्या जागी "प्रार्थी" म्हणून मोकळा झालो होतो. सगळं चर्च हसलं, मीही हसलो. आज हसू येत नाही.

आणि त्यातली किती प्रार्थना-पत्रं मी न वाचताच शिक्का मारून पुढे ढकलली, ते माझं मला ठाऊक. वरही असाच कोणी बाबू बसला असेल तर?

१२ जानेवारी, रविवार

उपासनेनंतर पास्टर जीवन यांना गाठलं. पोरगेला माणूस, तृप्तीच्या वयाचा. (तृप्ती आमची मुलगी, परदेशी असते. ती असती इथे तर तिनेही हेच सांगितलं असतं.) म्हणे, "बड़े बाबू, प्रभु से पर्सनल रिश्ता रखिए. दोस्त समझकर बात कीजिए."

दोस्त! मला दोस्त होते कधी? एक तर साहेब, नाही तर हाताखालचे. इथल्या लालबागच्या बाकावर दोघे जण भेटतात, ते गुडघ्यांबद्दल बोलतात.

पास्टरांनी सांगितलंय — रोज वीस मिनिटं शांत बसा, देव काय म्हणतो ते ऐका, वहीत लिहा.

१५ जानेवारी

बसलो. शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट तेवढा ऐकू आला.

१६ जानेवारी

काही नाही.

१७ जानेवारी

काही नाही. पाय बधिर झाला.

२० जानेवारी

आज मालतीने मला ओट्याशी उभं केलं. स्वतः खुर्ची टाकून बसली.

"पोळी लाटता लाटता बोला."

"काय बोलू?"

"पोळीचंच बोला."

"हे प्रभू, ही पोळी..." पुढे शब्द नाही. शेवटी म्हणालो, "ही पोळी आशीर्वादित कर."

तिने कपाळावर हात मारला. "अहो, गोल नाही होऊन राहिली म्हणून सांगा ना त्याला!"

मी लाटणं आपटलं. ओरडलोच — नाही जमत मला! तुझा देव तुझ्याशी बोलतो, माझ्याशी नाही बोलत!

ती गप्प झाली. संध्याकाळभर गप्प. तो आवाज आता आठवडाभराचा, आणि त्यातली एक अख्खी संध्याकाळ मी घालवली. मूर्ख माणूस!

२७ जानेवारी, इंदूर

वॉर्डातल्या इतर बायकांना ऐकू जाईल म्हणून पांघरूण तोंडावर घेऊन बराच वेळ पुटपुटत होती. मग पांघरूण काढलं.

"झालं बोलून त्याच्याशी. तुमचं नाव सांगून ठेवलं आहे."

"काय सांगितलं?"

"म्हटलं, आमचे हे मनाचे चांगले आहेत. पण हळू आहेत. थोडं सांभाळून घे."

मी बाहेर जाऊन तोंड धुवून आलो.

२८ जानेवारी

झालं. व्यवस्थित झालं म्हणतात. शुद्धीवर आल्यावर तिने सवयीने ओठ हलवले. मानेतल्या नळीतून नुसती हवा आली. तिला आधीपासून सगळं सांगितलेलं होतं, तरी तेव्हा कळलं. मी समोरच उभा होतो.

४ फेब्रुवारी

तिला पाटी आणून दिली. पहिला प्रश्न — "तुम्ही बोलले का त्याच्याशी?"

मी मान हलवली. हो.

इतकं सरळ खोटं तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

१२ फेब्रुवारी

घरी आलो. चर्चची मंडळी भेटायला आली. पास्टर म्हणाले, "बड़े बाबू, धन्यवाद की प्रार्थना आप कीजिए." केली. नऊ मिनिटं. सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. मध्येच एक डोळा उघडून पाहिलं तर मालतीने डोळे मिटलेच नव्हते. माझ्याकडे बघत होती.

सगळे गेल्यावर तिने पाटी उलटी करून ठेवली आणि आत जाऊन आडवी झाली.

१७ फेब्रुवारी

मेथी निवडता निवडता तिचे ओठ हलले. मग थांबली, आणि रडली. रडण्यालाही आवाज नाही. पाहिलंस ना? इथेच होतास ना? मग बघत काय बसलास! एवढ्या जगात हिचाच गळा दिसला तुला? या घरात तुझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं, तेच गप्प केलंस! आता कोण बोलणार तुझ्याशी — मी? मला तुझा राग आलाय. खूप राग आलाय, ऐकतोयस का?

लिहिता लिहिता मोठ्याने ओरडलो वाटतं. मालती दारात येऊन उभी आहे, मेथीची जुडी हातातच. हाताने खूण करते आहे — बोला, पुढे बोला.