तीन ठोके

८ फेब्रु. ७६, रवि.
गाडी आली एकदाची. पेडगावच्या एका मळ्यात कडब्याखाली वर्षानुवर्षं पडून होती. मिलिटरीच्या लिलावातली साडेतीनशे सीसीची मोटरसायकल, वयानं माझ्या बरोबरीची. हेडलाइटच्या वाटीत उंदराची चार पिल्लं निघाली, डोळेही न उघडलेली. कोंबडीपुढं टाकली.
पडवीत आबाच्या खाटेसमोरच उभी केली. दुसरी जागा नाही, आणि असती तरी इथंच लावली असती. जन्मभर रेल्वेचं लोखंड वाजवलं बापानं, आता माझं लोखंड बघू दे.
टॉकीजच्या मॅनेजरचं एकच म्हणणं. "गाडी दाखव, काम घे." पिच्चरच्या रिळांच्या पेट्या पूर्णा-परभणी न्यायच्या-आणायच्या. प्रिंट एक, थेटरं दोन. रेल्वे लेट झाली की पब्लिक खुर्च्या मोडतं, म्हणून त्याला मोटरसायकल पाहिजे. सोमवार ८ मार्चपासून. हे जमलं तर सलीमभाईच्या वेल्डिंगच्या दुकानात लोकांचे मोडके नांगर धरून बसणं संपलं.

११ फेब्रु., बुध.
सगळं खोललं. पिस्टन जाम, घासलेट ओतून ठेवलंय. पेट्या मागं बसायच्या तर चेसिस वीतभर लांब करावी लागणार. मागचे दोन्ही पाइप कापायचे, मधे तुकडा जोडायचा, वर कॅरियर.
खडूनं खुणा करत होतो तर आबाचे दोन ठोके. पितळी पेल्यानं खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवतो. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे लघवी. वाचा गेली, उजवं अंग गेलं, पण डाव्या हाताचा ठोका अजून पक्का आहे. हातातलं काम संपवून उठलो, तोवर अंथरूण ओलं. म्हणालो, "गाडी थांबायची का हो तुमच्यासाठी?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं. लिहून ठेवतो, इथं खोटं कशाला लिहायचं.

१५ फेब्रु., रवि.
माणिक आला, बायकोला घेऊन. धाकटा भाऊ माझा. आबाचीच नोकरी करतो, आबाचीच हातोडी घेऊन ठेसनात गाड्यांची चाकं वाजवत फिरतो. आबा आडवा झाला तेव्हा साहेबानं विचारलं होतं, "दोघांतलं कुणाचं नाव घालू?" आबानं डावा हात उचलून माणिककडं बोट केलं. मी खाटेला धरून उभा होतो. नोकरी त्याला, क्वार्टर त्याला, आबा मला. विमलला बघायलासुद्धा आधी मीच गेलो होतो. मग तिच्या बापाला नोकरीवाला धाकटा दिसला.
आजही म्हणाला, "तुझ्या हातात हुनर हाय दादा, तुला काय कमी हाय?" दोन वर्षं हेच. हुनर भाकरीला लावून खायचं का?
विमलनं कुणी न सांगता आबाची नखं काढली. जाताना म्हणाली, "भावजी, त्यांच्या पाठीला जखम व्हायलीय. कूस बदलत जावा."

१९ फेब्रु., गुरु.
चेसिस कापली, लांब केली. सलीमभाईनं वेल्डिंग मारलं. "दत्तू, मेरा जोड टूटा तो नाम बदल देना. पुराने लोहे का मय नै बोलता."
घरी आणून मान साफ करायला घेतली. मान म्हणजे हॅण्डल बसतं ती नळी. आत काहीतरी अडकलेलं, हातोडीनं ठोकत होतो. आबानं एकदम तीन ठोके दिले.
घरात तीनचा हिशेबच नाही. पण मला माहीत आहे. लहानपणी डबा घेऊन प्लॅटफॉर्मवर जायचो तेव्हा बघितलंय. चाक खणकन वाजलं की आबा पुढं जायचा. बद्द वाजलं, म्हणजे आत तडा, की हातोडीचे तीन ठोके, मग मागचा माणूस त्यावर खडूनं फुली मारायचा आणि तो डबा गाडीतून काढायचे.
मागच्या जोडावर मारून बघितलं. आबा गप्प. मानेवर मारलं. तीन.
म्हातारा मुद्दाम करतो. माझी गाडी रस्त्यावर आलेली त्याला बघवायची नाही, दुसरं काय. "माणिककडं बोट केलंत तेव्हा का नाही वाजवलं?" म्हणालो. तर पुन्हा तीन.

२४ फेब्रु., मंगळ.
मी मानेला हात लावला की तीन ठोके. डोकं उठलं. आज पेला हिसकून घेतला, माळ्यावर फेकला. बाजारातून प्लॅस्टिकचा आणला, लाल. हातात दिला, म्हणालो वाजवा आता. टप्. टप्. शेळीनं लेंड्या टाकाव्यात तसा आवाज. लय हसलो.
संध्याकाळी दुकानातून आलो तर त्याचे ओठ पांढरे पडलेले. दिवसभर पाणी मागत असणार, दिवसा लक्ष ठेवणाऱ्या शेजारणीला ऐकू गेलं नसणार. पाजलं. तांब्याभर प्यायला.

२ मार्च, मंगळ.
तेराव्या किकला चालू झाली! पडवी हादरली, कोंबडी परसात पळाली. असा आवाज की छाती भरून आली. काळा रंग दिला आहे, आरशासारखा. मॅनेजरनं येऊन कॅरियरवर पेटी ठेवून बघितली. "बराबर बसायलीय. सोमवारी सकाळी ये." हात मिळवला माझ्याशी. ठेसनाजवळ माणिक भेटला, त्याला मुद्दाम दोनदा सांगितलं.

५ मार्च, शुक्र.
पुलापर्यंत जाऊन आलो. ब्रेक मारला की पुढचं चाक कुठंतरी सैल वाटतं. घरी येऊन टाकी काढली. लहान हातोडी घेऊन आबासारखा वाजवत गेलो. मागचा जोड, खणकन. खालचा पाइप, खणकन. मान, बद्द.
खरवडली. रंगाखाली पितळ. कुणीतरी कधीतरी मानेचा तडा पितळेनं भरून वर रंग फासलेला. आणि पितळेच्या कडेनं नवी रेघ, केसाएवढी. मी मागं वीतभर वाढवलं, तिथं वजन बसलं की सगळा ताण मानेवरच येणार.
खडूनं फुली मारली. आबा बघत होता. लाल पेला हातात होता, वाजवला नाही. म्हणजे तो पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. मला लाज वाटायला पाहिजे होती. राग आला.
सलीमभाई लग्नाला नांदेडला गेलाय, बुधवारी येणार. पेट्या सोमवारी. मॅनेजर थांबणार नाही, त्याच्याकडं दुसरा तयार आहे.
थुंकी लावून फुली पुसली. रंगाचा हात मारला, टाकी बसवली. चार दिवस काढील. काढील.

७ मार्च, रवि. सकाळ
माणिक आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. "दादा, आजचा दिवस गाडी दे की. पोखर्णीला जाऊन येतो, नरसिंहाला नारळ बोललेला हाय." ने म्हणालो. इतक्या लवकर म्हणालो की तोच बघत राहिला. तो एकटा जाईल असं मला वाटलं होतं. हे खरं आहे. एकट्याला द्यायला निघालो होतो, हेही खरं आहे.
मग विमल आली. नवं लुगडं, नारळाची पिशवी. पेट्यांसाठी वाढवलेल्या जागेवर बसली.
आबा खाटेच्या दांडीवर प्लॅस्टिकचा पेला मारायला लागला. टप् टप् टप्. थांबला. पुन्हा तीन. माणिक रोज चाकं वाजवतो, तरी त्याला ते तीन ओळखू आले नाहीत. म्हणाला, "दादा, आबाला पाणी पायजे वाटतं."
"थांबा, मी देते," म्हणून विमल उतरली. पाणी पाजलं. आबानं डाव्या हातानं तिचा पदर धरला, सोडेना. तिनं हळूच बोटं सोडवली. "संध्याकाळी येते आबा, परसाद घेऊन." पुन्हा गाडीवर बसली.
तेवढा सगळा वेळ माझ्याकडं होता. तोंड उघडलं. "पुढचा ब्रेक जोरात मारू नको," एवढंच निघालं.
"न्हाई मारत," म्हणाला आणि गेले.

त्याच दिवशी, दिवे लागल्यावर
चारला येणार होते. आले नाहीत. स्टँडवर जाऊन आलो. परभणीहून आलेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरला विचारलं, वाटेत मोटरसायकल दिसली का. "लय दिसल्या. कोन्ती?" काळी म्हणालो. मागं बाई बसलेली. त्यानं बिडी पेटवली.
पंक्चर झाली असेल. देवळात गर्दी असेल, रविवार आहे.
घरी येऊन माळ्यावरून पितळी पेला काढला. राखेनं घासला. आबाच्या हातात दिला. वाजवा म्हणालो. काहीबी वाजवा. पाया पडलो त्याच्या, उजव्या पायाला कळत नाही म्हणून डावा धरला. पेला छातीवर धरून तो दाराकडं बघत पडलाय. ओठ सुकलेत, पण पाण्याचा एक ठोकासुद्धा देत नाही.