उताऱ्याला हात न लावता

स्वस्ति. अखिलपरीक्षाकक्षचक्रवर्ती, चिठ्ठीकुलान्तक, भरारीपथकभूषण, बाहीत दडविलेल्या कागदाचा केवळ गंधाने वेध घेणारे, दोन बाकांतील अंतर स्वतःच्या टेपने मोजल्यावाचून घंटा वाजू न देणारे, नांदेडातील एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या संस्कृत विभागाचे प्रमुख व त्याच विभागाचे एकमेव सदस्य, श्री. बापूसाहेब यांची ही रोजनिशी. अन्य कोणी वाचू नये. वाचल्यास मला कळेल.

७ एप्रिल, सोमवार

अकरावीत संस्कृत घेणारे विद्यार्थी चार. पैकी एक चुकून. प्राचार्यांनी बोलावून घेतले व संस्थेचा निर्णय सांगितला. नव्या वर्षापासून महाविद्यालयात समुपदेशक हे पद निर्माण होणार. मानसशास्त्राची पदविका जो यंदा पूर्ण करील, त्यास ते पद. मी अनुत्तीर्ण झालो तर ‘अतिरिक्त’ ठरून संस्थेच्या मुखेड शाखेत रवानगी. तिथे संस्कृत नाही. कार्यानुभव शिकवावा लागेल. बावन्नाव्या वर्षी मी क्रेप कागदाची फुले करणार नाही.

पदविकेचे तीन पेपर मी गतवर्षीच सर केले (काठावर; परंतु काठ हीदेखील भूमीच). उरला चौथा. त्यात पूर्वी कधीही न पाहिलेला एक लेख देतात व त्याला सिद्धांत लावून दाखवा म्हणतात. २५ मे, केंद्र लातूर.

प्रतिस्पर्धी एकच. ग्रंथालय सहायक राजकन्या. तिचाही चौथाच पेपर उरला आहे. रोज लोह्याहून ये-जा करते. ती बारावीला असताना भरारी पथकातर्फे मीच तिची झडती घेतली होती. एस.टी.चा पास निघाला. तो पास मला आजही पटलेला नाही.

संकल्प: रोज पहाटे पाच ते सात अध्ययन.

८ एप्रिल, पहाटे ८.१५

अलार्म वाजला नाही. विनीता म्हणते वाजला, तुम्हीच बंद केलात. पत्नीच्या साक्षीला पुरावा म्हणत नाहीत.

१२ एप्रिल

कन्या मृण्मयी लातुरात मानसशास्त्रात एम.ए. करते. तिने फोनवर पद्धत समजावली. म्हणाली, बाबा, सोप्पंय. लेखातलं वाक्य घ्यायचं, त्याला लागू पडणारा सिद्धांत सांगायचा, मग दोन्ही जोडून दाखवायचं. बस.

मी विचारले, लेखातले वाक्य घ्यायचे म्हणजे समोर पाहून लिहायचे?

म्हणाली, हो मग, समोरच असतो ना लेख.

बावीस वर्षे मी समोर पाहून लिहिणाऱ्यांना वर्गाबाहेर काढले. आता विद्यापीठच कागद हाती ठेवून म्हणते, पाहा. हा सापळा आहे. मंडळ अर्थातच बघत असणार की कोण किती खाली वाकतो. मी उताऱ्यातील एकाही शब्दाला हात लावणार नाही. सिद्धांत संपूर्ण, शुद्ध, स्वबळावर.

२० एप्रिल, रविवार

मृण्मयीने पहिला सरावलेख पाठवला. भर चौकात स्कूटरवरून एक बाई पडल्या, चाळीस जण बघत उभे राहिले, कोणीही उचलले नाही, अशी बातमी. मी अकरा पृष्ठे लिहिली. गर्दी जितकी मोठी तितकी प्रत्येकाची जबाबदारी पातळ होते, या सिद्धांताचे असे विवेचन मराठीत क्वचितच झाले असेल.

वीसपैकी चार.

विचारले तर म्हणाली, बाबा, यात बाई कुठंयत? स्कूटर कुठंय? अकरा पानांत कुणी पडलंच नाही.

मी म्हणालो, बाई परीक्षकाकडे आधीच आहेत. त्याचीच वस्तू त्याला परत देऊन मी गुण कसे मागू?

विनीता भाजी निवडत होती. म्हणाली, अहो, लेखात काय आहे तेच विचारलंय तर लेखात बघा की.

विनीता महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवते. तिच्या वर्गात मुले उताऱ्यात बघूनच उत्तरे लिहितात, हे मला आज कळले. कारवाईचा विचार तूर्त लांबणीवर.

३ मे

गंभीर शोध. ग्रंथालयातील झेरॉक्स यंत्रावर एक कागद राहिला होता. स्कूटरवाल्या बाईंचाच लेख. त्यावर पिवळ्या हायलायटरने आठ वाक्ये रंगवलेली, समासात बारीक अक्षरात टिपणे. अक्षर राजकन्येचे.

शिपाई व्यंकटी याची उलटतपासणी केली. म्हणाला, त्यात काय सर, मृण्मयीताईच पाठवतात मॅडमला बी. मॅडम रोज यष्टीत बसून तेच करून राहिल्या. मलाबी विचारत्या, व्यंकटी, हा मानूस असा का वागला असंल, तू सांग. मी सांगतो. लई मजा येती.

म्हणजे माझी कन्या शत्रूच्या गोटात रसद पाठवते, आणि शिपाई तिथे परीक्षक आहे. मृण्मयीला जाब विचारला. म्हणाली, राजकन्याताईंनी मागितला, दिला. त्यांना पंधरा पडलेत, बाबा.

पंधरा. आठ वाक्ये समोर पाहून. मला स्वबळावर चार. नैतिक सरासरी काढली तर मीच पुढे आहे.

२४ मे

सिद्धता पूर्ण. नऊ सिद्धांत मुखोद्गत. लेख कोणताही येवो, त्याची मला गरज पडणार नाही. पेन चार, पट्टी, चष्मे दोन, आणि सवयीने टेप.

२५ मे, रविवार, सकाळी ७.४०, बसमध्ये

लोह्याला राजकन्या चढली. सारी बस सोडून माझ्याच शेजारी बसली. का? म्हणाली, सर, जागा दुसरी न्हाईच. मागे वळून खात्री केली. खरोखरच नव्हती. परंतु ही परिस्थिती कोणी निर्माण केली?

धपाटे पुढे केले. सरजाबाईनं, म्हणजे आमच्या आईनं मुद्दाम तुमच्यासाठी दिलेत, म्हणाली. माझी झोप वाढवून स्मरण मंद करण्याचा प्रयत्न उघड होता. दोन खाल्ले, निरीक्षणार्थ. मग लोणच्याबरोबर एक, पडताळणीसाठी.

अहमदपूरपर्यंत ती एका वर्तमानपत्राच्या तुकड्यावर रेघा ओढत होती. मी डोळे मिटून सिद्धांत आठवत होतो. जागा झालो तेव्हा लातूर आले होते.

त्याच दिवशी, सायंकाळी, मृण्मयीच्या खोलीवर

क्रमाने लिहितो.

माझे आसन राजकन्येच्या अगदी मागे. अंतर संशयास्पद वाटले म्हणून टेप काढून मोजले. तीन फूट दोन इंच. माझ्या कारकिर्दीत चारच्या खाली एकही बाक नव्हता. पर्यवेक्षक आला, जेमतेम पंचविशीचा. अशा वयाचे किती तरी मी पकडून दिले आहेत. म्हणाला, काका, हे काय? मी नियम सांगितला. त्याने टेप काढून घेतला व खिशात घातला. जाताना मागून घ्या, म्हणाला. काका.

प्रश्नपत्रिका आली. लेख असा. एक सेवानिवृत्त गृहस्थ. अपार्टमेंटमध्ये त्यांचे वर्तमानपत्र दोनदा गायब झाले. त्यांनी जिन्यात खुर्ची टाकली, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही ठेवली, कॅमेरा लावला. दिवाळीपर्यंत त्यांच्याकडे फराळालाही कोणी येईनासे झाले. अखेर कळले की पेपरवाला चुकून वरच्या मजल्यावर टाकत होता. प्रश्न, चाळीस गुण: लेखातील आधार देऊन या गृहस्थांच्या वर्तनाचे विश्लेषण करा.

तीनदा वाचला. मला ते गृहस्थ अत्यंत संतुलित वाटले. वहीची कल्पना तर उत्तम. ‘चुकून’ हा शब्द लेखकाने फार घाईने वापरला आहे. वरच्या मजल्यावरील मंडळींची चौकशी झाल्याचे कुठेही दिसत नाही. मग शंका आली की हा लेख मला ओळखणाऱ्या कोणी लिहिला असावा. परंतु आमचे घर तळमजल्यावर आहे.

तेवढ्यात पुढे दृष्टी गेली. राजकन्या खाली बघे, प्रश्नपत्रिकेवर रेघ ओढे, आणि लिही. पुन्हा खाली, पुन्हा रेघ, पुन्हा लिही. अखंड, निर्लज्ज, सर्वांसमक्ष. मी उठून उभा राहिलो.

पर्यवेक्षकाला सांगितले. त्याने केंद्रप्रमुखांना बोलावले. केंद्रप्रमुखांनी तिची प्रश्नपत्रिका पाहिली, माझी पाहिली, आणि माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिले. म्हणाले, सर, प्रश्नपत्रिकेत बघून लिहायला बंदी कुठाय? लेख त्याच्यासाठीच दिलाय. राजकन्या वळून म्हणाली, सर, तुमचा वेळ जाऊन राहिलाय. घड्याळ पाहिले. पन्नास मिनिटे गेली होती.

उरलेल्या वेळात गृहस्थांचा बचाव सात पृष्ठांत लिहिला. उताऱ्याचा एक शब्दही न घेता. उर्वरित तीन प्रश्नांपैकी दोहोंना स्पर्श करता आला. बाहेर आलो तर पर्यवेक्षक निघून गेला होता. टेपसह.

मृण्मयीने सर्व ऐकले. म्हणाली, बाबा, चहा करू?

मी उत्तीर्ण आहे. एवढे प्रामाणिक उत्तर लातूर केंद्राने पाहिले नसेल.

२ जून

समुपदेशकाची खोली पाहून आलो. पूर्वीची स्टेशनरीची. व्हरांड्याच्या बाजूस मोठी काच. येणारा-जाणारा आत बघणार, हे पदाच्या गोपनीयतेस बाधक. पडदा मीच शिवून घेणार. निकालानंतर धावपळ नको. टेप नसल्याने काच वितीने मोजली. साडेनऊ वीत. रंग गंभीर निळा.

लातूर केंद्रास टेपविषयी पत्र पाठवले.

९ जुलै

निकाल. व्यंकटीने त्याच्या मोबाइलवर पाहिला, माझ्याआधी. म्हणाला, सर, बसून घ्या आधी.

शंभरपैकी एकतीस. राजकन्या अडुसष्ट.

संगणकीय प्रमाद. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज केला. टेपविषयी दुसरे पत्र.

२८ जुलै

छायाप्रत आली. लेखाच्या प्रश्नाला चाळीसपैकी तीन. शेवटी लाल शाईत: ‘लेखातील एकही आधार नाही.’ पाचव्या पृष्ठाच्या समासात: ‘वरच्या मजल्यावरील लोकांवर आरोप करू नयेत.’ परीक्षक कोठे राहतात हे शोधले पाहिजे. बहुधा वरच्या मजल्यावर.

विनीताने छायाप्रत आरंभापासून अंतापर्यंत वाचली. हसली नाही. हसली असती तर बरे झाले असते. म्हणाली, मुखेडहून शनिवारी बस लवकर मिळते, चौकशी केलीय मी. सोमवारी पहाटे इथून निघता येईल. आणि डबा दोन वेळचा देईन.

टेपविषयी तिसरे पत्र. रजिस्टर्ड.

४ ऑगस्ट, सोमवार

उद्या मुखेड. प्राचार्यांचा नवा आदेश असा की बदली झालेल्या कर्मचाऱ्याने कार्यमुक्त होण्यापूर्वी समुपदेशकांना भेटून यावे. मनाला बरे वाटते म्हणे. या खोलीत येणारा पहिला माणूस मी असेन अशी माझी अपेक्षा होतीच. खुर्ची मात्र दुसरी.

राजकन्या उठून उभी राहिली. सर, बसा. पाणी मागवले. पाणी घेऊन व्यंकटी आला आणि काम नसताना दाराशी थांबला; तिने नुसते पाहिले, गेला. हे मला बावीस वर्षांत जमले नाही.

म्हणाली, मुखेडचं काही मनावर घेऊ नका सर. मन्मथ नावाचा माझा मावसभाऊ तिथंच राहतो, खोली बघून ठेवतो म्हणालाय. मी विचारले, भाडेकरू वर कोण आहेत? म्हणाली, वर गच्ची हाय.

मग म्हणाली, सर, एक विचारू का, राग न्हाई ना? बारावीला माझी झडती घेतली तुम्ही. भर वर्गात. त्या दिवशी माझ्यात काय दिसलं होतं तुम्हाला?

मी आठवून पाहिले. प्रामाणिकपणे सांगितले, काही नाही. काहीच दिसत नव्हते. म्हणूनच संशय आला.

मग तिने वही उघडली आणि मी म्हणालो ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. खाली रेघ ओढली.

मला बोलायचे होते. काय, ते आता आठवत नाही, कारण त्याच क्षणी पडद्याकडे लक्ष गेले. माझाच पडदा. गंभीर निळा. उजवीकडून भिंतीला लागला आहे. डावीकडे चांगली चार बोटे काच उघडी. त्या फटीतून व्हरांड्यातले संस्कृतचे चारही विद्यार्थी मला त्या खुर्चीत बसलेला बघत होते. चुकून संस्कृत घेतलेल्याने नमस्कार केला.

वितीने मोजल्याचा हा परिणाम. लातूर केंद्राचे आजही उत्तर नाही. टेप पाच मीटरचा होता, पिवळा, कडेला माझे नाव कोरलेले.