शालीखालचा डबा

अप्पा, तो डबा स्टॅबिलायझर नव्हता. तुम्ही मला तसं सांगितलं होतं आणि इतकी वर्षं मी तेच धरून होते. गिटारच्या पेटीत, तुमच्या हिरव्या शालीखाली ठेवलेला तो काळा, पंज्याएवढा डबा. मी सातवीत असेन. ‘हे काय हाय, अप्पा?’ असं विचारलं, तेव्हा पेटीचं झाकण लावत तुम्ही म्हणालात, ‘करंट कमी-जास्त झाला की गिटार जळतंय, म्हणून स्टॅबिलायझर. हात लावू नको माय, झटका बसंल.’ मी कधीच हात लावला नाही. तुम्ही गेल्यावर आईनं, आपल्या अव्वानं, तुमचं सामान आवरलं, त्यात तो दिसला नाही, तरी कुठं गेला हे मी विचारलं नाही. स्टॅबिलायझर कोण शोधतं?

शाळेत जायच्या आधी मी तुमच्याकडंच शिकले. भालकीच्या आपल्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर तुम्ही खडूनं एका बाजूला मराठी अक्षर काढायचात, दुसऱ्या बाजूला कानडी, आणि मी दोन्हींच्या मधे बसून आळीपाळीनं गिरवायची. गिटारही तिथंच शिकवलीत. मांडी घालून बसायचं, इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात स्टीलची कांडी, उजव्या हातात तार छेडायची नखी. अव्वा चुलीपुढं भाकरी थापत असायची. तुम्ही म्हणायचात, ‘ती थाप धर. थापेवर सूर, मधल्या वेळात गप्प.’ अजूनही कुणी भाकरी थापायला लागलं की माझा उजवा हात आपोआप तयार होतो. अशाच एका सकाळी मी पाणी प्यायला उठते आणि माझा पाय वायरीला लागतो. तुम्ही चहाची बशी खाली ठेवता. ओरडत नाही. ‘काय लागलं?’ ‘पाय.’ ‘कशाला?’ ‘वायरीला.’ ‘वायर कशाची हाय?’ ‘गिटारची.’ ‘मग गिटारला लागला. वाद्याला पाय लावून कुणाला सूर येत न्हाई. नमस्कार कर. आजचं शिकणं साकु.’ तुमचं साकु म्हणजे पुरे, त्यानंतर बोलणं नाही. मी वायरीला नमस्कार केला, पेटीला केला, घाबरून स्पीकरलाही केला. अव्वा हसून म्हणाली, ‘भिंतीतल्या बटनाला पण कर की, करंट तिथूनच येतंय.’ तुम्ही हसला नाहीत. त्या दिवसापासून वाद्याजवळून जाताना मी पाय आवळून चालते. पुण्यात ऑफिसच्या कार्यक्रमात कुणाचा तबला कोपऱ्यात ठेवलेला असला तरी मी लांबून वळसा घेते, आणि मैत्रिणी हसतात.

बाहेर तुमची ओळख एकच होती. हुमनाबादच्या लग्नात असो की हळ्ळीखेडच्या जत्रेत, लोक म्हणायचे, गिटारातून सनई काढणारे अप्पा आले. आणि ते खरं होतं. तार छेडली की आधी टक्क असा आवाज येतो, मग सूर. कुणीही वाजवली तरी तो टक्क येतोच. स्टेजवर तुमच्या गिटारात तो नसायचा. सूर कुठून सुरू झाला ते कळायचंच नाही, हळूहळू फुगत यायचा आणि फुंकून वाजवल्यासारखा लांबत राहायचा. मांडीवर ती हिरवी शाल, शालीखाली उजव्या पायाचा अंगठा जरासा हलताना दिसायचा. मला वाटायचं तुम्ही ताल धरताय. घरी मीही अव्वाची ओढणी मांडीवर घेऊन अंगठा हलवत बसायची. एकदा मी विचारलं होतं, ‘अप्पा, तुमची सनई घरी कामून येत न्हाई?’ तुम्ही कांडी पुसत होता. ‘स्वयंपाकघरात येत न्हाई माय ते. देवापुढं, माणसांपुढं बसलं की येतंय. त्यासाठी आधी आपण चोख असावं लागतंय.’

मी चोख व्हायला लागले. हे तुम्हाला ठाऊक होतं का, मला माहीत नाही. मी गुरुवार धरले. पाय धुतल्याशिवाय गिटारपुढं बसले नाही. वर्गातल्या मुलीचं खोडरबर चुकून माझ्या दप्तरात आलं, तर त्या संध्याकाळचा टक्क त्या खोडरबरामुळंच आला असं मी धरून चालले आणि दुसऱ्या दिवशी ते देताना तिची दोनदा माफी मागितली. नखी टाकून बोटाच्या मांसानं तार छेडून पाहिली, तळवा ठेवून पाहिला, कांडी तिरपी धरून पाहिली. टक्क जाईना. तुम्ही दारात उभं राहून ऐकायचात आणि म्हणायचात, ‘ठोका ऐकू यायलाय अजून.’ एवढंच. मी मान खाली घालायची आणि आज आपलं काय चुकलं ते सकाळपासून आठवत बसायची.

दहावीनंतर तुम्ही मला गाणगापूरला नेलंत. तुमच्या भजनाच्या पार्टीत तुमच्या शेजारी बसून एक भजन मी वाजवायचं, असं ठरलं होतं. अव्वानं त्यासाठी नवा ड्रेस शिवून घेतला होता. दुपारी लॉजच्या गच्चीवर सराव झाला. मी वाजवलं. ओळ चुकली नाही, ताल सुटला नाही, पण प्रत्येक सुराआधी तो टक्क होता. ढोलकीवर चाचा होते. लहानपणापासून मला खांद्यावर घेऊन फिरलेले, तुमचे जोडीदार. ते म्हणाले, ‘अण्णा, बच्ची अच्छा बजारी.’ तुम्ही त्यांच्याकडं पाहिलंत, फक्त पाहिलंत, आणि चाचा ढोलकीच्या दोऱ्या ओढायला लागले. मग तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, ‘हात तयार न्हाई अजून. लोकांपुढं कामून आब्रू घालवायची?’ संध्याकाळी मी नवा ड्रेस घालून स्टेजच्या पायऱ्यांवर, चपलांच्या ढिगाजवळ बसले. तुमची सनई सुरू झाली. सोलापूरकडच्या एक बाई दर्शन करून आल्या होत्या, त्या मला म्हणाल्या, ‘तुझे वडील का गं? काय हात आहे माणसाचा!’ मी म्हणाले, ‘व्हय. हातच तसा हाय त्यांचा.’ त्यांना मी खोटं सांगितलं नव्हतं. मला तेवढंच माहीत होतं.

घरी आल्यावर मी गिटारला हात लावला नाही आणि तुम्हीही लाव म्हणाला नाहीत. लातूरला कॉलेजात गेले. तिथल्या हॉस्टेलवर तुमच्या जाण्याचा निरोप आला. मग पुणे, कॉम्प्युटरवरची नोकरी. कुणी विचारलं, गाणं-बजावणं येतं का, तर मी सांगायची, घरी होतं, पण माझा हात नाही. हे मी इतक्या सहज सांगायची की ऐकणाऱ्याला पुढं काही विचारावंसं वाटायचं नाही.

गेल्या महिन्यात सुट्टीवर भालकीला आले होते, तेव्हा चाचा घरी आले. खूप थकलेत. पिशवीतून तुमच्या हिरव्या शालीत गुंडाळलेलं एक पुडकं काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. ‘ले बेटा. तेरे अप्पा की अमानत. मेरेकू संभालनेकू दिए थे, दवाखाने में. अब मैं कितने दिन संभालूं?’ शाल उघडली तर तो काळा डबा. मी म्हणाले, ‘चाचा, हा तर स्टॅबिलायझर.’ चाचांनी आधी अव्वाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि कपाळाला हात लावला. ‘कायका स्टॅबिलायझर? ये पाव का मशीन है, बेटा. गिटार का आवाज बदलता. मेरा भाई सौदी से लाके दिया था. सनई इसकेच अंदर है.’ डब्यावर दोन बटणं होती, पायानं दाबायची. शालीखाली तुमचा अंगठा ताल धरत नव्हता.

अव्वा भाजी निवडत होती. तिची मान वर झाली नाही, त्यावरून मला कळलं. मी म्हणाले, ‘तुला माहीत होतं?’ ती म्हणाली, ‘शालीला आतून खिसा कुणी शिवला मग? गाणगापूरला, जत्रेत, देवापुढं माणूस पायानं वाजवायलाय म्हटल्यावर कुणी बसू दिलं असतं का त्यांना?’ ‘लोकांना सोड. मला?’ ‘तुला! तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई. कुणी विचारलं असतं तर तू खोटं बोलली असतीस?’ चाचा हळूच म्हणाले, ‘तेरेसेच डरते थे, बेटा. मेरेकू बोले, चाचा, उसकू मालूम पडा तो हाथ जोडके पूछेगी, अप्पा, वाद्य को पाव कायकू लगारे? मैं क्या बोलूं उसकू?’ मग माझा चेहरा पाहून म्हणाले, ‘चाय तो पिला. मारेगी क्या मेरेकू?’

चाचा गेल्यावर मी तुमची गिटार खाली काढली. चौकोनी सेल आणला, वायरी जोडल्या. डब्यावर लाल आकडा लागला. मी बटण हातानं दाबत गेले. एका आकड्यावर आवाज विहिरीत बोलल्यासारखा घुमला, एकावर पत्रा फाटल्यासारखा खरखरला, एकावर दहा गिटारी एकदम वाजल्या. आणि मग एक आकडा आला. मी तार छेडली आणि टक्क आला नाही. सूर आपोआप उगवला, फुगला, लांबला. आत भाकरीची थाप चालू होती, ती थांबली. अव्वा पिठाच्या हातानं दारात आली. म्हणाली, ‘तेच. अगदी तेच हाय गं.’ तो सूर माझ्या हातातून आला होता, अप्पा. उपास नव्हता त्या दिवशी. पायही धुतले नव्हते.

मी डबा काढून टाकला आणि साधी वायर लावून पुन्हा वाजवलं. टक्क, मग सूर. तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. घरी तुम्ही डबा लावत नव्हता. घरी तुमच्याही गिटारात हा टक्क असायचा, माझ्याइतकाच. मी तो रोज ऐकत होते आणि घर आहे म्हणून येतोय असं मानत होते. पण तुमचा कान तर मोठा होता. दारात उभं राहून ऐकताना तुम्हाला कळत होतं, की हा ठोका हातातला नाही, तारेचाच आहे, आणि तो हातानं कधीच जाणार नाही. तरी तुम्ही मला तो घालवायला सांगत राहिलात. डबा वापरला याचा मला राग नाही. डब्यातला तो सूर तुम्ही स्वतः शोधून बसवला होता, चाचा म्हणाले त्यात कितीतरी दुपारी गेल्या. ते सांगितलं असतंत तर मला तुमचा अभिमान वाटला असता. लोकांपासून लपवलंत, तेही समजतं. पण गच्चीवर चाचांकडं ज्या नजरेनं पाहिलंत, ती मला समजत नाही. तुम्ही तुमची शाल वाचवलीत आणि माझा हात खोटा ठरवलात. मला तुमची भीती वाटायची, आणि तुम्हाला माझी वाटत होती. ती भीती तुम्हीच मला फरशीवर बसवून शिकवली होती. एकदा मला बोलावून म्हणायचं, माय, हे असं असं हाय. मी प्रश्न विचारला असता, कदाचित रडलेही असते. पण शेजारी बसले असते.

परवा हळ्ळीखेडच्या जत्रेत चाचांच्या पार्टीबरोबर वाजवलं. त्यासाठीच पुण्याहून परत आले. शाल नेली नाही. खुर्चीवर बसले आणि डबा समोर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. पुढच्या रांगेतले एक म्हातारे आजोबा मोठ्यानं म्हणाले, ‘अक्का, पाय लागायलाय की यंत्राला!’ मी माईकमधूनच सांगितलं, ‘व्हय आजोबा, हे पायानंच वाजवायचं हाय. आमचे अप्पापण असंच वाजवायचे.’ लोक जरा कुजबुजले. कुणी म्हणालं, ‘बगा, पायात पण सनई!’ आणि हसले. एक-दोघं उठून गेले. बाकीचे बसले. सूर उगवला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, अप्पांची पोरगी. ते ऐकून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

हे लिहून कुठं पाठवणार? पेटीत, शालीच्या त्या आतल्या खिशात ठेवीन. त्यात डबा आता पुन्हा जाणार नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. नमस्कार करायचा नाही, असं मी परवा ठरवून बसले होते. तरी बटणाला पाय लावला की प्रत्येक वेळी हात खाली जायचा, डब्याला लागायचा आणि कपाळाला यायचा. मग नखी सावरेपर्यंत पुढची ओळ निघून जायची. चाचांनी ते ओळखलं. माझा हात तारेवर परत येईपर्यंत ते ढोलकीवर तोच ठेका जरा जास्त फिरवत होते.