बेटावरनं येणारी शीळ

४ एप्रिल

नदीचं पाणी उतरलं. बेट आता पुरतं उघडं पडलंय. वाळू, लव्हाळं आन् चार बाभळी, एवढाच पसारा. पण पाखरांची जत्रा भरलीय नुसती.

अलीकडच्या गोट्यांत टिटवीनं अंडी घातलीत. फोटू काढला तर अंडी कुठली आन् गोटं कुठलं, माझं मलाच कळंना. तरी ग्रुपवर टाकला. म. अण्णांनी लगेच लिवलं, "आक्का, डाव्या अंगाला बघा की. तीन दिसतात. चौथं टिटवीच्या पायाखाली असणार." व्हतंच!

म. अण्णा म्हंजे मगदूम अण्णा, सांगलीचे. हळदीची पेढी पोराच्या हवाली करून गळ्यात दुर्बीण घालून हिंडत्यात. पाखरं बघणाऱ्यांचा हा ग्रुप त्यांनीच काढलाय. मला त्यात आमच्या सायलीनं घातलं. नात माझी, कराडला इंजिनेर कॉलेजात हाय. साताऱ्याकडची माणसं तळ्यावरचं लिवत्यात, सांगलीची बंधाऱ्यावरचं. मला रोज सकाळी कोण तरी इचारतंच, "आक्का, आज बेटावर काय?"

चौथीत शाळा सुटली. तवापास्नं आजवर मला कुणी इचारलं न्हवतं, तुला काय दिसलं म्हणून.

७ एप्रिल

काळी टोपी, पिवळी चोच, तांबडं पाय, पाठ राखी आन् पोट पांढरंफेक. नाव सुरय, नदीचा सुरय. म. अण्णांनी सांगितलं. नाव किती झ्याक! नात झाली तवा ठाऊक असतं तर... सायली म्हणाली, "बरं झालं आज्जी, ठाऊक न्हवतं."

ऊन असं की वाळूत पाय ठिवला तर फोड यील. सुरय काय करती, पाण्यावर उतरती, पोट भिजवून घेती आन् वल्या पोटानं अंड्यांवर बसती. तासभर बघत बसले. दूध उतू गेलं.

बेटावर आता कोण जात न्हाई. गुळाची काईल व्हती तवा तिच्यात बसून हे जायचे.

८ एप्रिल

हे कुणाला दाखवायचं न्हाई, म्हणून हितं लिवते.

आमची म्हस, मोरी, शीळ ऐकल्याबिगर पाणी पीत न्हाई. जनावर पाण्यावर नेलं की गडीमाणूस शीळ घालतो, ते आपल्याकडं हायच. पण ह्यांची शीळ येगळी. मिलिटरीतनं शिकून आल्यागत. दोन डाव वर चढायची आन् शेवटाला एक गिरकी. गिरकी आली की मोरी तोंड खाली घालायची. तवा ती लहान व्हती, तिला दुसरं काय ठाऊकच न्हाई.

हे गेल्यावर मोरी काठावर नुसती उभी ऱ्हायची. पोरानं, विलासनं, शीळ घातली, शेजारच्या गड्यानं घातली, ढिम्म. मग एक दिवस मी बघितलं, मागं-म्होरं कोण न्हाई, करंजाखाली गेले आन् घातली. लहानपणी शीळ घातली म्हणून आईनं तोंडावर मारलेलं, बाईमाणूस शीळ घालती व्हय म्हणून. तवा शिकलेली म्हातारपणी उपयोगाला आली.

पुढचा दात न्हाई. त्यामुळं गिरकीच्या जागी फुस्स व्हतं. मोरी माझ्याकडं बघती, दमानं बघती, मग पिती. सांभाळून घेती बिचारी.

११ एप्रिल

दिवा न लावताच लिवते.

सांजचं मोरीला घेऊन गेले. व्हट ओलं केलं, अजून फुंकर घातली न्हवती. तेवढ्यात बेटावरनं शीळ आली.

दोन डाव वर. आन् शेवट...

मोरीनं तोंड खाली घातलं. घटाघटा प्याली. मी तशीच.

१२ एप्रिल

रात्रभर डोळा लागला न्हाई, पण मन कसं फुलल्यागत झालंय. न्हाऊन चांगलं लुगडं नेसले. शेजारीण म्हणाली, "आक्का, पावणं येणारायत का?" म्हटलं, "येतील की."

त्या पावसाळ्यात हे काईल घेऊन बेटावर गेले. म्हशी तिकडं चरत व्हत्या आन् पाणी चढाय लागलं. काईल म्हंजे आपली गूळ उकळायची, तीच पाण्यात टाकायची आन् वल्हवायची. मी म्हटलं नका जाऊ. म्हणाले, "चुलीवर च्या ठेव." म्हशी पवत आल्या. मोरी सगळ्यांच्या शेवटी आली. काईल खालच्या गावाला पालथी घावली. हे न्हाईत घावले.

घावले न्हाईत, म्हणून मी दिवस घालू दिले न्हाईत. कुंकू बी हाय.

ग्रुपवर लिवलं, बेटावर अनोळखी आवाज. म. अण्णांचं उत्तर, "रंग? शेपटी? आक्का, रेकॉर्ड करून पाठवा की."

रंग कसला सांगू.

१३ एप्रिल, रयवार

विलास आला. कुपवाडला कारखान्यात हाय, फटफटीवरनं येतो, तोंड धुळीनं भरल्यालं. भाकरी खाताना म्हणाला, "आई, थंडीत तू व्हय म्हणालीस. आता येत्या आमुशेला करून टाकू. आबास्नी पाणी द्यायला पायजे का नको?"

म्हटलं, "घाई काय हाय?"

"घाई? सायलीचं लग्न निघंल उद्या. लोक इचारत्यात, तुझा बाप हाय का न्हाई. मी काय सांगू?" मग खाली बघून म्हणाला, "मला सपनात पाणी मागत्यात गं."

पोरगं रडलं. चाळिशी उलटलेलं. माझंच खरं धरून मी त्याला किती वर्सं ताटकळत ठेवलंय.

व्हय म्हणाले. पण शिळेचं सांगितलं न्हाई.

१६ एप्रिल

पुन्यांदा आली. सायलीनं दाखवलं तसं बटण दाबून भरून घेतली. दिसभर कानाला लावून ऐकली. कापूस पिंजल्यागत वारा येतोय मधी. शेवट नीट कळत न्हाई.

ग्रुपवर टाकायची का? टाकली तर म. अण्णा नाव सांगतील. नाव कळलं की संपलं.

न्हाई टाकली.

१७ एप्रिल

टाकली. विलासचं तोंड डोळ्याम्होरनं जात न्हाई. काय हाय ते एकदा कळू दे. मी तरी मोकळी हुईन, न्हाई तर त्यो तरी.

१९ एप्रिल

म. अण्णा सोताच आले! सांगलीहून यष्टीनं, डोक्याला उपरणं, पिशवीत पाण्याच्या बाटल्या. आवाज ऐकून त्यांना दम धरवंना म्हणं. ते जैन, दिवस मावळायच्या आत जेवत्यात, आन् शीळ येती नेमकी दिवस मावळताना. मग करंजाखालीच वाढलं. कांदा न्हाई, लसूण न्हाई. भाकरी, दुधीची भाजी, दही. एका हातात घास, दुसऱ्या हातात दुर्बीण. म्हणाले, "बायकोनं बघितलं तर दोन्ही काढून घेईल."

लय हसले मी. पण कान बेटाकडं.

शीळ आली. म. अण्णा दुर्बीण फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "आक्का, बेटावर कुठं बघताय? म्हशीवर बघा."

मोरीच्या पाठीवर काळा कोतवाल. दुभंगलेली शेपटी. रोज बसतो त्यो तिथं, मोरी चालली की उडणारं किडं टिपाय. चोच उघडली आन् माझ्या डोळ्यादेखत शीळ घातली. समोरच्या दरडीवर आपटून आवाज बेटावरनं आल्यागत वाटत व्हता.

"नक्कल करतोय लबाड," म. अण्णा म्हणाले. "कुणाची तरी ऐकून शिकलाय. ऐका, शेवटाला वारा सुटतोय बघा. शिकवणाऱ्याचा दात पडलेला दिसतोय!"

मी तोंडावर पदर घेतला.

माझीच शीळ. रोज ह्या टवाळाम्होरं मी घालत हुते आन् त्यो पाठीवर बसून धडा गिरवत हुता.

जाताना म. अण्णांनी करंजाच्या शेंड्याला घरटं दाखवलं. वाटीएवढं. म्हणाले, "आता ह्या झाडाखाली कावळ्याची काय टाप नाही. कोतवाल घारीला बी सोडत नाही."

२० एप्रिल

हसायचं का रडायचं. दोन्ही केलं.

पर एक गोष्ट. पयल्या दिवशी शेवटाला फुस्स व्हतं का गिरकी? आठवाय गेलं की गिरकीच आठवती.

२४ एप्रिल

टिटवीची पिल्लं निघाली! कापसाचा बोळा आन् खाली दोन काड्या. ग्रुपवर बावीस जणांनी हात जोडलं. घारीची सावली पडली की जिथल्या तिथं बसत्यात, गोटा हुऊन. आईनं हाळी दिल्याबिगर उठत न्हाईत.

भटजी येऊन गेले. देह न्हाई तर पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा आन् पिंड ठेवायचा. एका दिवसात सगळं उरकता येतं म्हणाले. मला इचारलं, "उंची किती होती?"

आकड्यात कधी मोजलीच न्हाई. म्हटलं, "आमच्या दारातनं वाकून यायचे."

विलासनं दाराची चौकट मोजली.

२५ एप्रिल

विलासनं फोनवर इचारलं, "आई, जागा कुठली धरू? वरच्या घाटावर समदं आयतं हाय."

म्हटलं, "घाटावर नको. बेटासमोर, करंजाखाली. सावली हाय. तिथनंच गेले ते."

"बरं," म्हणाला.

सावली हायच की तिथं. खोटं न्हाई बोलले.

२७ एप्रिल, आमुशा

झालं.

पानांचा माणूस वाळूवर निजवला तवा मला हसू आलं, हे असे कधी निजायचे न्हाईत. एका कुशीला, हात उशाला. भटजींचं लक्ष न्हाई बघून एक हात वळवून उशाला घातला. सायलीनं बघितलं. माझा हात धरला.

पळस लवकर पेटला.

मग पिंड. समदे लांब सरकून उभे. दूर आमराईत कावळ्यांची शाळा भरलेली. एक आला. पिंडाच्या वर फेरी धरली तेवढ्यात करंजावरनं कोतवाल सुटला. असा टोचला, असा टोचला की कावळा थेट नदीपार. दुसरा आला, तीच गत.

विलास हात जोडून, "आबा, सायलीला शिकवीन. शेत इकणार न्हाई." कावळा न्हाई. दीर म्हणाले, "म्हशीत जीव आडकला आसंल." विलास म्हणाला, "मोरीला बाजार दावणार न्हाई." न्हाई. ऊन डोक्यावर. मग समदे माझ्याकडं बघाय लागले. बायकोचं काय तरी ऱ्हायलं आसंल.

मला ठाऊक व्हतं कावळा का येत न्हाई ते. एक शब्द बोलले असते तर पिंड दहा कासरं पलीकडं नेऊन ठेवला असता.

"आई, तू बोल की काय तरी," विलास.

काय बोलू? म्हटलं, "च्या ठेवलाय."

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आन् शिववला. विलासनं मोठा श्वास सोडला. चेहरा उतरल्याला, पण मोकळा. त्याला सुटल्यागत वाटलं, तेवढं पुष्कळ हाय.

सांजचं म. अण्णांचा फोन. ग्रुपवर न्हाई, येगळा. "आक्का, सायलीनं सांगितलं. करंजाखाली केलंत होय?"

"व्हय."

मग म्हणाले, "बरोबर आहे. सावली आहे तिथं."

५ मे

कुंकवाचं कुणी काय बोललं न्हाई. विलासच म्हणाला, "ऱ्हाऊ दे आई, तुला शोभतंय."

शीळ रोज येती. कोतवाल घालतो, माझीच फुस्सवाली. मी आता घालतच न्हाई, त्याचीच चाकरी लावलीय. मोरी पिती.

१४ मे

सुरयची पिल्लं उडाय लागली. वाळूवर एकच ऱ्हायलंय, पंख फडफडवतंय, उडत न्हाई. आई मासा घेऊन वरनं दाखवती, खाली देत न्हाई. ये म्हणती. लय झ्याक फोटू आला.

ग्रुपवर साताऱ्याच्या एका बाईनं लिवलं, आक्कांचं बेट म्हंजे नशीब लागतं.

२२ मे

पंचायतीच्या कर्ण्यावरनं सांगितलं, वरनं पाणी सोडणार, उद्या-परवा नदीत जनावरं घालू नका. बेट जाईल आता पाण्याखाली. उडत न्हवतं ते पिल्लू बी उडालं, सकाळी बघितलं. माझा घोर मिटला.

सांजचं मोरीला न्हेलं. कोतवाल पाठीवर व्हता. माझ्यापास्नं हातभर. मी त्याला म्हटलं, "घाल की लबाडा." मान वाकडी करून बघत ऱ्हायला. चोच मिटलेली. म. अण्णांनी शिकवलंय, आवाज आला की आधी चोच बघायची. मी चोचीकडंच बघत हुते.

आन् शीळ आली. लांबनं.

दोन डाव वर. शेवटाला गिरकी. पुरी.

कोतवालानं बी मान वळवली बेटाकडं. मोरीनं तोंड खाली घातलं.

दुसरा कोतवाल आसंल. ह्याच्याकडनं त्यो शिकला आसंल. पर मग फुस्स कुठं गेलं...

बेटावर नजर टाकली. वाळू, लव्हाळं, चार बाभळी. काय न्हाई.

घरी आले तर मोबाईल वाजत व्हता. "आक्का, आज बेटावर काय?"

लिवलं : कोतवाल एक, म्हशीच्या पाठीवर. सुरयचं शेवटचं पिल्लू उडालं.

बाकीचं न्हाई लिवलं. दोन कप च्या टाकला. उद्या बेट बुडंल. मोरीला पाण्यात न्हाई घालायची, पर काठावर उभी करीन. बघू, शीळ कुठनं येती.