झुकलेला शिक्का

४ मार्च
वरच्या वाडीचं पाणी बंद करायची फाइल आज माझ्याकडे आली. ‘तेथे कोणी राहत नाही’ — याखाली माझा, आडनावाचा शिक्का हवा. खरं तर वर जाऊन बघायचं असतं. पण रस्त्यावर कमरेएवढं बर्फ! नुकागासाहेबांनी त्यांचा आधीच मारलाय. “शेवटची म्हातारी लेकीकडे गेली शहरात. मार गं. एप्रिलपासून प्रांताच्या कार्यालयात जायचंय ना तुला?”

जायचंय. नऊ वर्षं या गावच्या कचेरीत काढलीत. मारला. त्यांच्या उजव्या बाजूला, त्यांच्याकडे झुकवून. हाताखालच्याचा शिक्का साहेबांच्या शिक्क्यापुढे वाकलेला हवा — हे विद्यापीठात शिकवत नाहीत. पहिल्या दिवशी नुकागासाहेबांनीच शिकवलं.

९ मार्च
फाइलीत माझ्या उजव्या बाजूला आणखी एक शिक्का. तोगाशी. या आडनावाचं कचेरीत कोणी नाही. माझ्यापुढे वाकलेला.

१० मार्च
आज जास्त वाकलाय. साहेब म्हणाले, कुणीतरी थट्टा केली असेल. नवा कागद काढला, दोघांनी पुन्हा शिक्के मारले.

१२ मार्च
नव्या कागदावरही! जवळजवळ आडवा. गुपचूप रहिवाशांची नोंदवही काढली. तोगाशी उमे, वय एक्याण्णव, वरची वाडी. एकटी. लेकीचं नाव कुठेच नाही.

बोलले तर फाइल परत येणार, बदली अडकणार. वही मिटली. भित्री आहे मी.

१६ मार्च
बदलीचा हुकूम आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई फोनवर रडली, आनंदाच्या दिवशी करतात तो लाल घेवड्याचा भात करते म्हणाली.

१८ मार्च
पाणी बंद केलं.

२२ मार्च
राहवेना. सुट्टी होती, बर्फ तुडवत वर गेले.

म्हातारी ओढ्याकाठी होती. हातात बादली. गुडघ्यांवर, कपाळ बर्फाला टेकलेलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस झाले असतील. म्हणजे शिक्के उमटत होते तेव्हा ती जिवंत होती. विनवत होती मला.

नुकागासाहेब म्हणाले, वय झालं होतं, कुणाची चूक नाही. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

१ एप्रिल
प्रांताचं कार्यालय. पहिली फाइल. डावीकडे नव्या साहेबांचा शिक्का, मी त्यांच्याकडे झुकवून माझा मारला. जेवून परत आले तर उजवीकडे तोगाशी. ताठ, सरळ.

माझा तिच्याकडे वळलाय. वाकून.