चहाच्या पातेल्यातले थर्मोस्टॅट

ठाणे, शुक्रवार संध्याकाळ, मे १९५५

उद्या ताईला बाळंतपणासाठी टिटवाळ्याहून माहेरी आणायचंय आणि गाडी तापतेय. इंजिनाचं पाणी तापलं की झडप उघडून ते गार व्हायला सोडणारा थर्मोस्टॅट अडकलाय. मिस्त्रीने पारखायला दोन दिले. एक विलायती, गाडीच्याच कंपनीचा. दुसरा इथे कुणीतरी बनवलेला. चहाच्या पातेल्यात दोन्ही उकळले. पाणी तापल्यावर दोन्हींच्या झडपा एकाच वेळी उघडल्या, बाहेर काढून गार झाल्यावर एकाच वेळी मिटल्या. तरी मी विलायतीच पुसून बाजूला ठेवला.

"तोच का?" हिने विचारलं.

"अस्सल तो अस्सल."

"मग माझं पातेलं कशाला नासवलंत?"

खरंच, कशाला? तेव्हापासून ती पातेलं घासतेय. गाडी रिकामी न्यायची असती तर इथलाच बसवला असता. उद्या तिच्यात ताई बसणार आहे.